पोटातलं बाळ, बंबाचा धूर आणि वैशाखाचं ऊन: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गरोदर बायका, त्यांच्या सासवा, आया आणि कधीमधी नवरेही जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं. काही प्रश्नांवर जास्त लिहिलं आहे, कारण तिथं घरच्या घरी बरंच बदलता येतं. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

प्रदूषण दिल्ली-मुंबईला. आपल्या बेळगावची हवा थंड आणि चांगली. मग ही काळजी कशाला?

थंड हवा म्हणजे स्वच्छ हवा नव्हे. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते, तिच्या लगतची हवाही गार आणि जड होते, आणि धूर वर न जाता गावावरच रेंगाळतो. डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटे येळ्ळूर, कडोलीच्या शिवारात जे पांढुरकं दिसतं, ते सगळं धुकं नसतं. नेमक्या त्याच महिन्यांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम असतो, गुऱ्हाळं पेटलेली असतात, वीटभट्ट्या लागतात, उद्यमबागेतल्या फाउंड्र्या चालू असतात, हायवेवरची ट्रकांची रांग तुटत नाही आणि घरोघरी बंब पेटतात.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये शहरांची हवा सुधारण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात कर्नाटकातली बेंगळूर, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी ही शहरं आहेत, बेळगाव नाही. यादीत नाव नाही म्हणून हवा स्वच्छ, असं समजू नका. आणि गरोदर बाईच्या बाबतीत तर शहराच्या हवेआधी तिच्या न्हाणीतली आणि चुलीपुढची हवा बघायला हवी. दिवसातला सगळ्यात दाट धूर ती तिथंच घेते.

धूर आईच्या छातीत जातो. तो पोटातल्या बाळाला कसा लागतो?

धुरातले सगळ्यात बारीक कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आपल्या केसाच्या जाडीचा तिसावा हिस्सासुद्धा नाही. नाकातले केस, घशातला कफ यांना ते अडवता येत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले अगदी सूक्ष्म कण रक्तात उतरतात. वार म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला पोसणारा अवयव. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले. म्हणजे वार सगळं गाळून घेते, हा आपला समज खरा नाही.

दुसरा मार्ग कार्बन मोनॉक्साइडचा. अर्धवट जळणाऱ्या जळणातून, कोळशातून हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो चिकटून बसतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. आपल्याकडे कितीतरी गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन आधीच ११ च्या खाली असतं. रक्त कमी आणि त्यात धूर, म्हणजे बाळाचा प्राणवायू दोन्ही बाजूंनी कमी.

याचा परिणाम म्हणून बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं होण्याची, ३७ आठवडे भरण्याआधी जन्मण्याची, पोटातच दगावण्याची आणि आईचा रक्तदाब वाढण्याची जोखीम वाढते. चुलीपुढं बसणाऱ्या प्रत्येकीला हे होईलच असं मुळीच नाही. कमी वयातलं लग्न, लागोपाठची बाळंतपणं, अपुरं खाणं यांत धुराची भर पडते. झालेल्या नुकसानीचा दोष कुणी आईच्या माथी मारू नये. जळण कुठलं वापरायचं हे बहुतेक घरांत ती ठरवतच नाही.

स्वयंपाक गॅसवरच करतो. फक्त आंघोळीच्या पाण्याला बंब पेटवतो. तेवढं चालेल ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. नाही, एवढ्याने भागत नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघरी सिलिंडर पोचले, आणि बऱ्याच घरांत चूल फक्त ओट्यावरून उठून न्हाणीत गेली.

बंब पेटवताना बघा एकदा. पहाटे घरातली सून उठते. नळकांड्यात आधी दुधाची पिशवी नाहीतर तुटक्या चपलेचा तुकडा टाकते, कारण ओलसर जळण लवकर धरत नाही. त्यावर चिपाडं, करवंट्या, शेणी. मग वाकून, तोंड खाली नेऊन फुंकर घालायची. जाळ धरेपर्यंत पिवळट काळा धूर तिच्या तोंडावर येतो. घरात माणसं पाच-सहा, म्हणजे बंब तासभर तरी धगधगता ठेवायचा आणि मधेमधे जळण सारायचं. न्हाणीला खिडकी म्हणजे एक वीट काढलेलं भोक. सातवा महिना असला तरी हे काम तिचंच.

करता येण्यासारखं असं: प्लास्टिक, रबर, रंगवलेलं लाकूड बंबात मुळीच घालू नका, त्याचा धूर साध्या लाकडाच्या धुरापेक्षा विषारी असतो. बंब न्हाणीतून काढून अंगणात, धूर घरात येणार नाही अशा बाजूला ठेवा. पत्र्यावर सोलर बसवता आला तर उत्तमच. आपल्याकडे पावसाळ्याचे महिने सोडले तर ऊन भरपूर असतं. नाहीच जमलं तर निदान गरोदरपणाचे नऊ महिने आणि बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत बंब दुसऱ्या कुणीतरी पेटवावा. नवऱ्याने, दिराने, सासऱ्यांनी. यात कमीपणा कसला? त्याला एक रुपया लागत नाही.

गॅस आणला की बाळाचं वजन वाढतं, हे खरं का?

इथं मी तुम्हाला गोड गोड सांगणार नाही. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३,२०० गरोदर बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या बायकांना गॅसची शेगडी आणि सिलिंडर मोफत दिले. त्यांच्या श्वासातले बारीक कण जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी झाले, पण बाळांच्या जन्मवजनात म्हणावा असा फरक पडला नाही. २०२२ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले.

म्हणून गॅस नको, असा याचा अर्थ काढू नका. त्या बायकांना गॅस मिळाला तो तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात. त्याआधीची सगळी वर्षं त्यांनी धुरातच काढली होती. गॅस मिळाल्यावरही त्यांच्या श्वासातली हवा जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या कितीतरी पट खराबच होती. मला यातून कळतं ते एवढंच, की एकट्या गॅसवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. दिवस राहण्याच्या आधीपासून धूर कमी व्हायला हवा, शेजारचाही कमी व्हायला हवा, आणि जोडीला खाणं, लोहाच्या गोळ्या, विश्रांती हेही हवंच. आईचा खोकला, डोळ्यांची जळजळ आणि म्हातारपणीचा दमा यांसाठी तर धूर कमी करण्याला दुसरा पर्यायच नाही.

सासूबाई म्हणतात, बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी आणि धुरी द्यायलाच हवी. काय करू?

सासूबाईंचा हेतू चांगलाच आहे. बाळंतिणीला ऊब मिळावी, कंबर शेकली जावी, बाळाला सर्दी होऊ नये, म्हणून त्या म्हणतात. त्यातली ऊब ठेवायची आणि धूर काढायचा, एवढंच करायचं आहे.

बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि दारं-खिडक्या गच्च बंद, हे मात्र जिवावर बेतू शकतं. कोळशाचे निखारे लाल दिसतात, धूर दिसत नाही, म्हणून निर्धास्त वाटतं. पण वर सांगितलेला तो बिनवासाचा वायू निखाऱ्यांतूनच निघतो. डोकं जड होणं, मळमळणं, गुंगी येणं ही त्याची लक्षणं. बाळंतीण थकलेली असते म्हणून ती झोप समजली जातात. बाळंतिणीची कंबर गरम पाण्याच्या पिशवीने शेका. आंघोळीला कढत पाणी हवं तर घ्या. टाके असतील तर डॉक्टरांना विचारून.

आंघोळीनंतर बाळाला निखाऱ्यावर धरून ओवा, बाळंतशेपा, लसणाच्या साली, ऊद यांची धुरी देतात. जन्मलेलं बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं, आपल्या तिपटीने. त्याच्या फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या अजून तयार होत असतात. त्या धुराने सर्दी जात नाही, उलट छाती भरते. अंग पुसून कोरडं करा, टोपडं-मोजे घाला आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. कमी वजनाच्या बाळासाठी तर दवाखान्यातही हेच करतात, त्याला कांगारू मातृसेवा म्हणतात, आणि त्याने बाळं वाचतात हे सिद्ध झालेलं आहे. सासूबाईंना ओव्याचा वास हवाच असेल, तर कोमट ओव्याची पुरचुंडी खोलीत टांगून ठेवा, बाळापासून दूर.

निपाणीला घरी विड्या वळते. पोटात बाळ असताना वळल्या तर?

तंबाखूची भुकटी श्वासातून जाते आणि निकोटिन बोटांच्या कातडीतूनही अंगात शिरतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या बायकांना तर याचा फार त्रास. गरोदरपणात हे काम थांबवता आलं तर थांबवाच.

पण हजार विड्यांमागची मजुरी बुडाली तर घरात काय शिजणार, हा प्रश्न मला दिसतो. थांबवता येत नसेल, तर सूप घेऊन बाहेर कट्ट्यावर बसा, बंद खोलीत नको. मांडीवर एकीकडे सूप, एकीकडे बाळ असं करू नका. तंबाखूचं पोतं झोपायच्या खोलीत ठेवू नका. उठल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, लुगडं बदला, मगच भाकरी थापा आणि बाळाला पाजा.

आणि मिसरी. तव्यावर तंबाखू भाजताना जो ठसका उठतो तो घरातल्या सगळ्यांच्या छातीत जातो, आणि भाजलेली मिसरी दातांना लावली की निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात. "मी तंबाखू खात नाही, फक्त मिसरी लावते," असं बायका सांगतात. मिसरी ही तंबाखूच. पोटात बाळ असताना ती सोडायलाच हवी. एकदम सुटत नसेल तर आशाताईंशी बोला, लाजू नका. घरात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी अंगणात नाही, उंबऱ्यापासून लांब जाऊन ओढावी. सोडली तर फारच बरं.

शेजारच्या उसाच्या फडाला आग लावतात. घरभर काजळी येते. काय करायचं?

त्या दिवशी गरोदर बाई, बाळ आणि म्हाताऱ्यांनी वाऱ्याने धूर जिकडे जात नाही त्या बाजूच्या घरात जाऊन बसावं, दारं लावून घ्यावीत, धुणं आत घ्यावं. पेटवणार असतील तर आधी सांगा, एवढी विनंती शेतकऱ्याला करायला हरकत नाही.

खरा उपाय शेतात आहे. पाला न पेटवता सरीत कुट्टी करून कुजवला, तर खोडव्याला (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाला) ओल टिकते आणि जमिनीला खत मिळतं. असं करणारे शेतकरी वाढताहेत. ज्यांच्या घरात सून गरोदर आहे, त्यांनी तरी यंदा काडी लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

तोडणीला आलेल्या टोळ्यांतल्या बायकांना तर आपल्यापेक्षा जास्त सोसावं लागतं. बीड, विजापूरकडून आलेली पोटुशी बाई पालात राहते, जळक्या फडात मोळ्या उचलते, काजळीच्या हातानेच बाळाला घेते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून आहार मिळायला हवा. तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल, तर अंगणवाडीताईंना तेवढं कळवा.

उन्हाळ्यात भांगलणीला (खुरपणीला) जाते. उन्हाने बाळाला काही होतं का?

होतं. गरोदर बाईच्या अंगात आधीच जास्त उष्णता तयार होत असते. बाहेर ऊन वाढलं की शरीर गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, वारेकडचं कमी होतं. पाणी कमी पडलं की कळा सुरू होऊ शकतात. अनेक देशांतल्या अभ्यासांचा २०२० मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा दिसलं की तापमान एका अंशाने वाढलं की दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते, आणि उष्णतेच्या लाटेत सुमारे १६ टक्क्यांनी. तमिळनाडूत ८०० गरोदर बायकांचा अभ्यास झाला. कडक उष्णतेत काम करणाऱ्यांमध्ये गर्भपाताची जोखीम दुपटीच्या आसपास होती.

बेळगाव-खानापूर उंचावर, तिथं वळीव पडला की गारवा येतो. अथणी, रायबाग, रामदुर्गला तसं नाही. भांगलण सकाळी लवकर उरका, अकराच्या आत घरी या. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. ताक, नाचण्याची आंबील, लिंबाचं सरबत चांगलं. रक्तदाब असेल तर मीठ बेतानं. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडतंय. घर पत्र्याचं असेल तर वरून चुन्याचा पांढरा हात द्या किंवा उसाचा पाला पसरा. पण चूल त्या पत्र्याखाली नको.

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडावर सूज, पोटात कळा, अंगावरून पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर "ऊन लागलं असेल" म्हणून झोपून राहू नका. लगेच दवाखाना गाठा.

तीन महिन्यांच्या बाळाला उन्हाळ्यात पाणी पाजावं ना?

नाही. सहा महिने पुरे होईपर्यंत आईचं दूधच, भर वैशाखातही. दुधात पाणी असतंच. वरच्या पाण्याने पोट भरतं, दूध कमी जातं आणि जुलाब लागतात. बाळाला वरचेवर पाजा आणि पाणी आईने प्यावं.

मच्छर अगरबत्ती लावली तर चालेल?

एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे बारीक कण बाहेर पडतात, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून पडतात, असं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. बंद खोलीत बाळ झोपवून कॉइल लावणं म्हणजे काय, ते यावरून लक्षात येईल. कडुलिंबाचा पाला जाळला तरी तो धूरच. मच्छरदाणी लावा. डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही लावा.

डास मात्र हलक्यात घेऊ नका. पाऊस बेभरवशाचा झाला, मधेच ऊन, मधेच सर, त्यामुळे साचलेलं पाणी जास्त दिवस राहतं. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारला डेंगी साथरोग म्हणून जाहीर करावा लागला. गरोदरपणात ताप आला तर मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका. रक्त तपासून घ्या.

पावसाळ्यात तारीख आहे आणि आमच्या गावाचा रस्ता बंद होतो. काय तयारी करावी?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या. जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर रस्ताच बंद झाला. इतका मोठा रस्ता बंद होतो, तर खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पलीकडच्या वाड्यांवर अँब्युलन्स पोचेल याची खात्री कशी द्यायची?

जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर दोन-तीन आठवडे आधीच बेळगाव, खानापूर किंवा निपाणीला पाहुण्यांकडे येऊन राहा. आशाताईंना तारीख सांगून ठेवा. तपासणीचं कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, गोळ्या, बाळाचे दुपटे एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. निवारा केंद्रात जावं लागलं तर बाळाला अंगावरच पाजत राहा. पुराच्या दिवसांत दुधाची पावडर आणि बाटली यांतून जुलाब होतात. अन्न शिजवायला तिथं चूल पेटते, तर गरोदर बाईची जागा तिच्यापासून लांब मागून घ्या.

मूल सारखं खोकतं. दवाखान्यात कधी न्यायचं?

मूल शांत असताना छाती-पोट उघडं करून पुरं एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील, तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी न्या. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ पीत नसेल किंवा सुस्त पडलं असेल, तर रात्र काढू नका.

२०२१ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालची सात लाखांवर मुलं हवेच्या प्रदूषणाशी निगडित कारणांनी गेली, त्यातली सुमारे पाच लाख घरातल्या चुलीच्या धुरामुळे. त्यातली कितीतरी न्यूमोनियाने.

पदर तोंडावर घेतला तर धूर अडतो का? आणि मोबाइलवर हवेचा आकडा दिसतो, तो किती असावा?

पदर, रुमाल धूळ अडवतात, बारीक कण नाही. एन-९५ मास्क नीट बसला तर अडवतो. दम लागला तर काढा.

बारीक कणांची वर्षाची सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असं जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. मोबाइलवरचा निर्देशांक १०० च्या वर गेला की गरोदर बाईने हायवेलगत फिरणं टाळावं, २०० च्या वर असेल तर पहाटेचं फिरणं उन्हं वर आल्यावर करावं. पण तो आकडा शहरातल्या यंत्राचा. तुमच्या न्हाणीत यंत्र नाही, तिथं डोळे चुरचुरले की तोच आकडा.

धूर पूर्ण टाळता येत नाही. मग दिवस भरण्याआधी बाळंत होऊ नये म्हणून काही औषध आहे का?

याचं उत्तर शोधण्यात आपल्या भागातल्या बायकांचा मोठा वाटा आहे. पहिलटकरणींना रोज कमी मात्रेची, ८१ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन दिली तर फायदा होतो का, हे सहा देशांत तपासलं गेलं. भारतातल्या दोन ठिकाणांपैकी एक बेळगाव होतं. २०२० च्या निकालात मुदतपूर्व बाळंतपणं सुमारे ११ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. पण ही गोळी प्रत्येकीला चालत नाही, आणि ती सुरू करायची तर शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टरांनी ठरवायचं असतं. म्हणून पाळी चुकली की लगेच नाव नोंदवा, चौथ्या महिन्याची वाट बघू नका.

तपासणी कुठं? आणि तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) कन्नडमध्ये असतं, ते मला वाचता येत नाही.

जवळच्या सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टर गरोदर बायकांना मोफत तपासतात. लोहाच्या गोळ्या तिथंच मिळतात, निदान १८० दिवस घ्यायच्या. कार्डावरचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि तारीख आशाताईंकडून मराठीत वेगळ्या कागदावर लिहून घ्या आणि तो कागद कार्डातच ठेवा. मागायला संकोच करू नका, तुमच्या जिवाची माहिती आहे ती. घरी चूल-बंब आहे का, विड्या वळता का, घरचं कुणी ओढतं का, हे डॉक्टर विचारतीलच असं नाही. तुम्ही आपणहून सांगा. सल्ल्याला १०४, गाडीला १०८.